गोदेचे मूळ आणि नाथांची वाट

पौष वद्य एकादशीला त्र्यंबकेश्वरी श्रीनिवृत्तिनाथांची यात्रा भरते. दिंड्या येतात, कुशावर्तावर स्नान होते, समाधीवर माथा टेकवला जातो आणि आपण परतीची वाट धरतो. हे सर्व यथासांग होते, पण ज्या गोदामाईत आपण बुडी मारली ती आली कोठून आणि पुढे गेली कोठे, ह्याचा विचार किती जण करतात? क्षेत्र पाहणे निराळे आणि क्षेत्र समजणे निराळे. म्हणून आजच्या पाठात नाशिक जिल्ह्यातील गोदावरी वरून खाली, पाण्याच्याच वाटेने, आपण पाहणार आहोत.

आरंभ ब्रह्मगिरीपासून करू. हा डोंगर सुमारे १३०० मीटर उंच. ज्वालामुखीचा रस थरावर थर बसून थिजला, त्याचा हा काळा दगड. ह्यातले काही थर घट्ट, तर काही भेगांचे आणि छिद्रांचे. पावसाचे पाणी भेगांच्या थरात मुरते, खाली घट्ट थर लागला की अडते, आणि मग वाट मिळेल तेथून झरा होऊन बाहेर पडते. शेकडो पायऱ्या चढून गंगाद्वारी गेले म्हणजे जी बारीक धार दिसते ती हीच. तिला पाहून नवखा माणूस म्हणतो, ‘एवढीशीच का गंगा?’ होय बाबा, एवढीशीच! पण हीच धार १४६५ किलोमीटर चालून बंगालच्या उपसागराला मिळते. ह्याच डोंगररांगेच्या दुसऱ्या अंगाचे पाणी वैतरणा होऊन अरबी समुद्राकडे जाते. एका डोंगरावरचा पाऊस दोन समुद्रांना वाटला जातो, असे हे स्थान.

गौतम ऋषींची कथा सर्वांना ठाऊक आहे. दुष्काळात त्यांनी भात पिकवून आश्रितांना जगवले. पुढे गोहत्येचा आळ आला. तपश्चर्येने गंगा उतरली, ती गुप्त होऊ लागली, तेव्हा त्यांनी कुशांनी तिला अडवले, ते कुशावर्त. आम्हांस ह्या कथेत एक गोष्ट महत्त्वाची वाटते. गंगा आली ती प्रथम दुष्काळ भोगलेल्या प्रदेशात. तीर्थ म्हणजे मुळात लोकांना जगवणारे पाणी. ते आधी जपायचे असते, मग त्यात न्हायचे असते.

आता नाथांकडे वळू. विठ्ठलपंत मुलांसह ब्रह्मगिरीची प्रदक्षिणा करीत असता वाघ आडवा आला, सर्वांची पांगापांग झाली आणि बाल निवृत्ती वाट चुकून एका गुहेत शिरले. तेथे गहिनीनाथ बसलेले होते. तेथे झालेला उपदेश निवृत्तिनाथांनी ज्ञानदेवांना दिला आणि ज्ञानदेवांनी तो मराठीत सर्वांसाठी खुला केला. म्हणजे पाहा, गोदावरीचा उगम ज्या डोंगरात, आपल्या संप्रदायाच्या उपदेशाचा झराही त्याच डोंगरात! शके १२१९, म्हणजे इ. स. १२९७ मध्ये, भावंडे एकेक करून गेल्यावर नाथांनी समाधी घेतली तीही ह्याच पायथ्याशी. जवळच नानासाहेब पेशव्यांनी आरंभिलेले त्र्यंबकेश्वराचे काळ्या पाषाणाचे मंदिर आहे. ते १७८६ साली पुरे झाले. येथील ज्योतिर्लिंगाच्या खळग्यात ब्रह्मा, विष्णू, महेश अशी तीन लहान लिंगे आहेत. शैव कोण आणि वैष्णव कोण, हा वाद येथे आपोआपच संपतो.

त्र्यंबकहून नाशिकच्या वाटेवर उजव्या हाताला अंजनेरी लागते. हनुमंताचे जन्मस्थान म्हणून लोक तिला मानतात. तिच्या कड्यांवर गिधाडे वसती करतात आणि पठारावर दुर्मिळ रानफुले उमलतात. पुढे नदी गंगापूरच्या मातीच्या धरणात विसावते. हे धरण १९६५ साली पूर्ण झाले. त्यापुढे पंचवटी, रामकुंड, आणि कपिलेच्या संगमाचे तपोवन. येथील काळाराम मंदिराच्या दाराशी १९३० साली डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली सत्याग्रह झाला. नदी सर्वांना सारखे भिजवते आणि देवाचे दार मात्र काहींना बंद, ही गोष्ट संतांच्या घरच्या माणसाने विसरू नये.

नाशिक मागे टाकून निफाड तालुक्यात आले म्हणजे नांदूर मध्यमेश्वर. कादवा येथे गोदावरीला मिळते आणि बंधाऱ्यामुळे पाणी दूरवर पसरून उथळ राहते. गाळ साठला, लव्हाळे माजले, आणि हिवाळ्यात हजारो पाखरांची वस्ती होऊ लागली. ज्या चक्रवाकाची विरहकथा आपण कीर्तनात ऐकतो तो येथे डोळ्यांनी पाहावा. ह्या जागेला रामसर स्थळाचा, म्हणजे जागतिक महत्त्वाच्या पाणथळीचा मान मिळाल्याचे २०२० साली जाहीर झाले. महाराष्ट्रात तो प्रथम हिलाच मिळाला. येथून नदी जिल्ह्याचा निरोप घेते आणि पुढे नाथांच्या पैठणाला, ज्ञानदेवांच्या वाडवडिलांच्या आपेगावाला, जनाबाईंच्या गंगाखेडला जाते. एका पाण्याच्या सुतात ओवलेली ही संतांची माळच आहे.

आता आमचीच एक चूक सांगतो. एका पौषवारीत कुशावर्तावर आम्ही कापूर लावला आणि त्याचे प्लॅस्टिकचे पाकीट पायरीवरच राहू दिले. वाऱ्याने ते पाण्यात गेले. शेजारी एक म्हातारी लुगड्याचा पदर पिळत होती. ती म्हणाली, ‘माउली, तेवढं काढा बरं. आम्ही पैठणकडचे. हेच पाणी खाली आम्हाला प्यायचं हाय.’ आम्ही गुडघाभर पाण्यात उतरून ते काढले. इतकी वर्षे कीर्तनात सर्वांभूती भगवंत सांगत होतो. पण खालच्या अंगाला कोणी राहते, हे त्या दिवशी कळले.

म्हातारीचे बोलणे डोंगरालाही लागू आहे. २०२१ साली ब्रह्मगिरीच्या कुशीत डोंगर फोडण्याचे काम चालले असल्याचे उघड झाले, तेव्हा लोकांनी आवाज उठवला. वरचा थर फोडला, झाडी गेली, तर पाणी मुरणार कोठे आणि गंगाद्वारी धार येणार कोठून? खाली नाशकात पात्राच्या तळाशी काँक्रीट घातले गेले, जुनी कुंडे त्याखाली दडली. ते काढण्यासाठी नाशिककरांना वर्षानुवर्षे झगडावे लागले. सिंहस्थ बारा वर्षांनी येतो, नदीला मात्र रोज वाहायचे असते.

कोणी म्हणेल, ‘आम्ही गरीब वारकरी, आम्ही काय करणार?’ फार नाही, तीनच नेम धरावेत. तीर्थात साबण, कपडे, निर्माल्य, पाकीट काही सोडू नये. ओंजळभर पाणी सोडावे, तेही तिचेच. श्रावणातल्या तिसऱ्या सोमवारी प्रदक्षिणेला गेलात तर जे नेले ते परत आणावे, डोंगरावर टाकू नये. आणि दिंडीप्रमुखांनी मुक्कामाच्या प्रवचनात पाच मिनिटे ह्या नदीची वाट सांगावी, म्हणजे स्नान करणाऱ्याला आपण कोणाच्या पाण्यात उभे आहोत ते कळेल.

ज्येष्ठात नाथांची पालखी सिन्नर, अहिल्यानगर, करमाळ्यावरून पंढरीला निघते. नदी पूर्वेला जाते, पालखी दक्षिणेला वळते. पण दोघींचे माहेर एकच. त्या माहेरी पुढच्या पौषात जाऊ तेव्हा गंगाद्वारची धार बारीक का होईना, वाहती असावी, एवढेच मागणे श्रीनिवृत्तिनाथांच्या चरणी मागून हा पाठ पुरा करतो.