वस्ती कोणाची, विकास कोणाचा?

गेल्या दिवाळीच्या आधी आमच्या वस्तीत एक छापील कागद घरोघर वाटला गेला. वर 'संमतिपत्र' असे लिहिलेले, खाली सहीसाठी किंवा अंगठ्यासाठी जागा. आईने तो पिठाच्या डब्याखाली जपून ठेवला आणि मी कॉलेजातून आल्यावर म्हणाली, "तू शिकतेस ना, मग हे नीट वाचून सांग. सही केली तर काय होईल, नाही केली तर काय होईल?"

आमच्या घरात दहावीच्या पुढे गेलेली मी पहिलीच. तरीही आईच्या प्रश्नाचे उत्तर मला देता आले नाही. इमारतीला मजले किती, खोली केवढी, लिफ्ट किती, हे सर्व कागदात होते. शेजारच्या मावशी आमच्या शेजारीच राहतील का, बालवाडी कोठे बसेल, बांधकाम चालू असताना आम्ही कोठे राहायचे, याविषयी मात्र एक ओळही नव्हती. समाजशास्त्राच्या तासाला मी हा प्रश्न विचारला, तेव्हा सर म्हणाले, "ज्या वस्त्यांनी हे स्वतः केले आहे, त्यांनी ते कसे केले ते आधी पाहा." त्यातून हा लहानसा अभ्यास झाला. तो वाचकांपुढे ठेवीत आहे. यात काही उणे असेल तर ते माझे आहे.

प्रश्नाचे स्वरूप

वस्तीसुधारणा म्हटली की आपल्या डोळ्यांसमोर नळ, गटारे, रस्ते आणि इमारती येतात. हा भौतिक विकास होय. परंतु वस्ती म्हणजे केवळ घरे नव्हेत. साखरेची उसनवारी, भिशी, बाळंतपणात धावून येणारी शेजारीण, मयताला खांदा देणारे चार जण, ही देखील वस्तीच. लोकांनी एकत्र येणे, आपले प्रश्न आपण मांडणे, पैशाचा व्यवहार सांभाळणे, स्त्रियांच्या शब्दाला वजन येणे, याला सामाजिक विकास म्हणता येईल. सर्वसाधारण समज असा की, आधी इमारत उभी राहावी आणि मग सवडीने सामाजिक काम व्हावे. एखादी संस्था यावी, शिवणवर्ग काढावा, झाले! मला जी उदाहरणे अभ्यासावयास मिळाली, त्यांत हा क्रम नेमका उलटा आहे.

भायखळा : स्वतःची मोजणी

१९८१ च्या पावसाळ्यात मुंबईच्या फुटपाथवरील झोपड्या हटविण्याची मोहीम सरकारने हाती घेतली. पत्रकार ओल्गा टेलिस व इतरांनी सर्वोच्च न्यायालयात दाद मागितली. न्या. यशवंतराव चंद्रचूड सरन्यायाधीश असताना १० जुलै १९८५ रोजी निकाल लागला. जगण्याच्या मूलभूत हक्कात उपजीविकेचा हक्कही येतो, असे न्यायालयाने मान्य केले. मात्र रीतसर सूचना देऊन झोपड्या हटविण्याचा पालिकेचा अधिकारही कायम ठेवला. म्हणजे तत्त्व मिळाले, पण छप्पर मिळाले नाही.

याच सुमारास, १९८४ मध्ये, 'स्पार्क' ही संस्था मुंबईत स्थापन झाली होती. फुटपाथवरच्या लोकांची सरकारदरबारी नीट नोंदच नव्हती. म्हणून १९८५ साली संस्थेने या लोकांना बरोबर घेऊन सुमारे ६,००० कुटुंबांची पाहणी केली. बहुसंख्य लोक पायी कामाला जातात, म्हणूनच कामाजवळच्या फुटपाथवर राहतात, ही गोष्ट तीतून पुढे आली. 'हे लोक येथे का राहतात?' या प्रश्नाला आता आकड्यांनी उत्तर देता येऊ लागले.

पुढे १९८६ च्या सुमारास भायखळ्याच्या फुटपाथवरील स्त्रियांची 'महिला मिलन' ही संघटना उभी राहिली. जॉकिन अर्पुथम यांच्या नेतृत्वाखालील झोपडपट्टीवासीयांचा राष्ट्रीय महासंघही तिच्या जोडीला आला. या बायकांनी रोजची बचत सुरू केली. एक बाई दररोज दारोदार जाई आणि ज्याला जमेल तेवढे, कधी एक रुपया, कधी दोन, गोळा करी. आजारपण, रेशन, कामधंदा यांसाठी त्यातूनच कर्ज मिळे. दिसायला ही गोष्ट साधी आहे. पण जी बाई रोज दारात उभी राहते तिला कोणाच्या घरी आजारपण आहे, कोणाचा रोजगार गेला, हे वेगळे विचारावे लागत नाही. पैसा साठत होता, त्याबरोबर एकमेकींवरचा विश्वासही साठत होता.

घर मिळण्याची चिन्हे नव्हती, तेव्हाच या बायकांनी आपले घर कसे असावे हे ठरविले. कापड व लाकूड वापरून खऱ्या मापाचे घर उभे करून पाहिले. जागा लहान म्हणून उंची १४ फूट धरली, म्हणजे आत माळा काढता येतो आणि एका खोलीचा उपयोग दोन खोल्यांसारखा होतो. ज्यांना दोन बांबू आणि प्लॅस्टिक एवढेच घर ठाऊक होते, त्या बायका मापांची भाषा बोलू लागल्या. माझ्या मते सामाजिक विकास म्हणतात तो हाच. तो पहिली वीट रचण्यापूर्वीच झाला होता.

पुणे : संडासाचा प्रश्न

दुसरे उदाहरण आपल्या पुण्याचे आहे. विषय संडासाचा आहे म्हणून कोणी नाक मुरडू नये. पहाटे रांगेत उभे राहिलेल्या बाईलाच त्याचे महत्त्व कळते. १९९९ साली रत्नाकर गायकवाड महापालिका आयुक्त असताना, वस्त्यांतील सार्वजनिक संडास स्वयंसेवी संस्था व रहिवासी यांच्या भागीदारीतून बांधण्याचे ठरले. २००१ पर्यंत ४०० हून अधिक ठिकाणी असे संडास उभे राहिले आणि त्यांत एकूण सुमारे १०,००० शौचकूप होते.

यात महिला मिलनच्या बायकांनीही बांधकामाची कामे अंगावर घेतली. आराखड्यात त्यांचा अनुभव उतरला. बायकांना व पुरुषांना वेगवेगळी दारे, पाण्याची मोठी टाकी, देखरेख करणाऱ्या कुटुंबाला राहण्यास खोली, आणि मुलांसाठी लहान आकाराचे वेगळे संडास. लहान मुले मोठ्या भांड्याला व अंधाराला घाबरतात, रांगेत मागे ढकलली जातात, आणि शेवटी गटारावर बसतात. ही गोष्ट वस्तीतल्या आईला कोणी शिकवावी लागत नाही. देखभालीसाठी कुटुंबामागे महिन्याला थोडी वर्गणी ठेवली. वर्गणी आली की हिशेब आला, आणि हिशेब आला की सभा आली.

येरवडा : जागच्या जागी घर

डिसेंबर २००५ मध्ये केंद्र सरकारने जवाहरलाल नेहरू राष्ट्रीय नागरी पुनरुत्थान अभियान सुरू केले. त्याअंतर्गत येरवड्याच्या काही वस्त्यांत कच्च्या घरांच्या जागीच पक्की घरे बांधण्यात आली. घराचे क्षेत्रफळ २७० चौरस फूट, खर्च साधारण ३ लाख रुपये आणि त्यातील दहावा हिस्सा कुटुंबाचा. महिला मिलनच्या बायकांनी घरोघर पाहणी केली. येथेही कापडाचे खऱ्या मापाचे घर वस्तीत उभारून लोकांना आत फिरवून दाखविले. ज्यांची जागा फारच लहान होती, त्यांनी शेजाऱ्याशी जागा जोडून एकावर एक घरे बांधली. शेजाऱ्याबरोबर जागा वाटून घेणे ही गोष्ट नकाशावर होत नाही. त्यासाठी आधी बोलणे असावे लागते!

सुट्टीत मी तेथे जाऊन आले. गल्ल्या पूर्वीसारख्याच वळणाच्या आहेत. बायका दारात बसून तांदूळ निवडतात आणि समोरच्या घराशी बोलतात. कोणी स्वयंपाकघर खाली ठेवले आहे, कोणी वर. एका आजींना मी विचारले, "घर आवडले का?" त्या म्हणाल्या, "घराचं काय, ते कुठंबी मिळंल. शेजार हाय तसा ऱ्हायला."

उणीवा

केवळ गुणगान केले तर तो अभ्यास होणार नाही. या योजनेत कच्ची घरेच धरली असल्यामुळे पक्की घरे मध्ये तशीच राहिली, आणि गल्ल्या सर्वत्र रुंद करता आल्या नाहीत. बांधकाम चालू असेपर्यंत कुटुंबांना स्वतःची सोय स्वतःच पाहावी लागली. मोलमजुरी करणाऱ्याला ३०,००० रुपये ही रक्कम लहान नाही. शिवाय लोकांनी स्वतः विकास करावा असे म्हणताना एक धोकाही आहे. पालिकेचे काम लोकांच्या माथी मारून मोकळे होण्याची सोय त्यात होऊ शकते. पाणी, मलनिःसारण, जमिनीचा हक्क या गोष्टी शासनानेच द्यावयाच्या आहेत. त्या कोठे व कशा हव्यात, हे सांगण्याचा अधिकार मात्र राहणाऱ्यांचा असला पाहिजे.

पुन्हा आमची वस्ती

हे सर्व वाचून झाल्यावर मी आईला येरवड्याची हकिकत सांगितली. ती म्हणाली, "मग आपण पण मोजू." आमच्या गल्लीत ४३ घरे आहेत. मी वही घेतली, आई आणि दोन मावशी बरोबर आल्या. दोन रविवार लागले. १९ वर्षे मी या गल्लीत राहिले, पण मला ठाऊक नसलेल्या किती तरी गोष्टी कळल्या. नऊ घरांत भाडेकरू आहेत, त्यांना तो कागद मिळालाच नव्हता. चार घरे अशा पुरुषांच्या नावावर आहेत जे आज हयात नाहीत, त्यांच्या विधवांनी कोणाच्या नावाने सही करावयाची? काही पुरुष मंडळी हसली, "बायका आता सर्व्हे करणार" म्हणाली. परंतु यादी तयार झाल्यावर तीच मंडळी आपले नाव बरोबर लिहिले आहे ना, हे पाहावयास आली.

सगळ्यांनी मिळून ११ प्रश्न काढले. पहिला प्रश्न एका भाडेकरू बाईचा आहे : "आम्ही कुठे जायचे?" हे प्रश्न लिहून, ३७ घरांच्या सह्यांनिशी, कागद वाटणाऱ्यांकडे दिले आहेत. अद्याप उत्तर आलेले नाही.

आमचे घर पडेल की राहील, मला सांगता येत नाही. इमारत नको, असेही आमचे म्हणणे नाही. गळके पत्रे कोणाला हवे असतात? परंतु आईच्या प्रश्नाला आता मी एवढे उत्तर देऊ शकते की, सही ही शेवटची पायरी आहे. तिच्या आधी मोजणी, बोलणे आणि विचारणे या पायऱ्या आहेत, आणि त्या आपल्या आपणच चढावयाच्या असतात. संमतिपत्र अजून पिठाच्या डब्याखालीच आहे. त्याच्या शेजारी आता आमची वहीही आहे.

(द्वितीय वर्ष, कला)