मेडिकलवाल्याने नाव-पत्ता विचारला, तर सांगा

टीबीची गोळी घ्यायला गेलं की मेडिकलवाला चिठ्ठी मागतो, नाव-पत्ता लिहून घेतो. ही चौकशी कशाला, असं बरेच पेशंट मला विचारतात. सोलापूरच्या पूर्व भागात घराला घर लागून आहे. गल्लीत कळलं तर मुलीचं लग्न अडेल, ही धास्ती मला कळते. तरीही सांगतो, माहिती लपवू नका.

गोळ्यांच्या पाकिटावर लाल चौकटीतला इशारा पाहिला असेल. ही ‘शेड्यूल एच-वन’ची औषधं. १ मार्च २०१४ पासून ती विकताना डॉक्टर, पेशंट, औषध आणि नग यांची वेगळ्या वहीत नोंद करावी लागते आणि ती तीन वर्षं जपावी लागते. मार्च २०१८ पासून टीबीची औषधं देणाऱ्या दुकानदाराने पेशंटची माहिती सरकारी क्षयरोग यंत्रणेला कळवणंही बंधनकारक आहे. खासगी डॉक्टरांवर हे बंधन २०१२ पासूनच आहे.

ही माहिती क्षयरोग विभागाकडे जाते, शेजाऱ्यांकडे नाही. नोंद झाली की घरातल्यांची तपासणी होते, लहान मुलांना गरजेप्रमाणे प्रतिबंधक गोळ्या मिळतात. पोषणासाठी महिन्याला मिळणारे ५०० रुपये नोव्हेंबर २०२४ पासून १००० झाले आहेत. विड्या वळून घर चालवणाऱ्या बाईला त्यात अंडी-डाळीचा आधार होतो.

मला खरी काळजी आहे ती चिठ्ठीशिवाय मिळणाऱ्या गोळ्यांची. यंत्रमागावर काम करणारा माणूस खोकला म्हणजे सुताची धूळ समजतो आणि दुकानातून लिव्होफ्लॉक्सासिन हे अँटिबायोटिक घेतो. हे औषध टीबीच्या जंतूंनाही थोडंफार मारतं. चार दिवस बरं वाटतं, रोग मात्र आत तसाच राहतो. निदान लांबतं, तोवर घरातल्यांना लागण होते आणि उरलेले जंतू औषधाला दाद देईनासे होतात. म्हणून चिठ्ठीशिवाय अँटिबायोटिक द्यायला नकार देणाऱ्या फार्मासिस्टशी हुज्जत घालू नका. तो तुमच्याच भल्याचं करतोय.

टीबीचे उपचार सुरू झाल्यावर त्यातल्या रिफाम्पिसिन या औषधाने लघवी केशरी होते. घाबरून गोळ्या सोडू नका.

खोकला दोन आठवड्यांवर गेला, संध्याकाळी कणकण येऊ लागली, वजन उतरलं, तर सिव्हिल हॉस्पिटलमध्ये किंवा महापालिकेच्या दवाखान्यात थुंकी तपासून घ्या. तपासणी मोफत आहे. डबीत सकाळी खोलवर खोकून काढलेला बेडका द्या, नुसती लाळ चालत नाही.