आधी एक वांगं काढा

पन्नाशी उलटल्यावर चित्रकला शिकायला लागलेल्या माणसाला घाई फार असते. बँकेतून निवृत्त होऊन मला चार महिने झाले होते, रावपुऱ्यातल्या क्लासचे जेमतेम आठ रविवार भरले होते, आणि मी सरांना सांगून टाकलं, "मी रविवर्मांचं 'नल-दमयंती' करणार. अ‍ॅक्रिलिकमध्ये." सर म्हणाले, "ताई, आधी एक वांगं काढा."

मला तो अपमान वाटला.

बडोद्यातल्या मराठी घरांत रविवर्मा लांबच्या नात्यातले असावेत असं बोललं जातं. सयाजीराव महाराजांनी १८८८ साली त्यांच्याकडून चौदा पौराणिक चित्रं करवून घेतली, ती लक्ष्मीविलास पॅलेससाठी. आज त्यांचा संग्रह पॅलेसच्या आवारातल्या महाराजा फत्तेसिंह म्युझियममध्ये आहे. शाळेच्या सहलीत पाहिलेलं त्यातलं एकच चित्र माझ्या डोक्यात राहिलं होतं: रानात झोपी गेलेली दमयंती आणि तिला टाकून निघालेला नल.

मग मी केलं काय? मूळ चित्र घरापासून स्कूटरवर दहा मिनिटांच्या अंतरावर असताना मोबाइलवर त्याचा फोटो शोधला. तीन मिळाले. एकात रान पिवळट, एकात निळसर, एकात हिरवंगार. मी हिरवंगार निवडलं, कारण ते प्रसन्न वाटलं. बायकोला अर्ध्या रात्री सोडून जाणाऱ्या माणसाच्या चित्रात प्रसन्न काय असणार, हा विचार शिवला नाही.

चौकोन आखून अडीच बाय साडेतीन फुटांच्या कॅनव्हासवर रेखाटन उतरवलं. ते बरं झालं. घात रंगांनी केला. मे महिना, बाहेर बेचाळीस अंश, डोक्यावर पंखा पाचवर. रविवर्मांचं काम तेलरंगातलं. तो रंग दिवसदिवस ओला राहतो, त्यामुळे गालावरचा उजेड सावलीत हळूहळू विरघळवता येतो. माझा रंग ब्रश कॅनव्हासवरून उचलून पुन्हा टेकवेपर्यंत वाळत होता. दमयंतीच्या गालावर कडेकडेने पट्टे उमटले, नकाशातल्या समुद्राच्या खोलीसारखे. ते मिटवायला वरून आणखी रंग, मग पाणी, मग पुन्हा रंग. अर्धवट वाळलेल्या थरावर ब्रश घासला की खालचा थर पापुद्र्यासारखा सुटतो हेही त्याच आठवड्यात कळलं. सावल्यांत मी ट्यूबमधला काळा सढळ हाताने घातला. रान काजळीने माखलेल्या भिंतीसारखं दिसायला लागलं.

दोन महिन्यांनी चित्र "झालं". कोपऱ्यात ऐटीत सही केली आणि नातेवाइकांना चहाला बोलावलं. मामेबहीण बराच वेळ चित्राकडे बघत राहिली, मग सहीकडे. "हे सगळं तुलाच सुचलं का गं?" तिने निरागसपणे विचारलं. सरबत करते म्हणून मी आत गेले ती बराच वेळ बाहेर आले नाही.

दुसऱ्या दिवशी म्युझियमला गेले. चित्रासमोर पाऊण तास उभी होते. त्यातला अंधार काळा नव्हताच; तो तपकिरी, उबदार, आत आत जाणारा होता. कातडीवरच्या सावलीत लालसरपणा होता. जुन्या तेलचित्रावरचं वार्निश काळाने पिवळं पडतं, त्यामुळे आज दिसतो तो रंगही चित्रकाराने लावलेलाच असेल असं नाही. तरीही मोबाइलच्या काचेपेक्षा समोरचा कॅनव्हास शंभर पटींनी खरं बोलतो. तेव्हा नव्याने सुरुवात करणाऱ्यांना माझी पहिली विनवणी: मूळ चित्र गावात असेल तर वही-पेन्सिल घेऊन त्याच्यापुढे उभे राहा. तेओडोर जेन्सन या चित्रकाराने रविवर्मांना तेलरंग शिकवायचं नाकारलं होतं, फक्त काम करताना बघू दिलं. त्या बघण्यावर ते पुढे गेले.

दुसरं, माध्यमाचा स्वभाव ओळखा. पाण्यात मिसळणारे अ‍ॅक्रिलिक रंग बाजारात आले ते १९५०च्या दशकात. रविवर्मा १९०६ सालीच गेले. त्यांची मिसळण्याची रीत या रंगाकडून होणार नाही. त्याच्याकडून थर करून घ्यावेत: आधी बर्न्ट अंबरच्या एकाच रंगात उजेड-सावली पूर्ण करायची, ती वाळली की मीडियममध्ये पातळ केलेल्या रंगाचे पारदर्शक हात एकावर एक द्यायचे. नुसतं पाणी वाढवत गेलं तर रंगाची पकड जाते. काळ्याऐवजी बर्न्ट अंबर आणि अल्ट्रामरीन ब्लू. आणखी एक खोच अशी की ओला असताना रंगातला चिकट भाग दुधाळ असतो आणि वाळल्यावर काचेसारखा होतो, म्हणून रंग वाळला की गडद उतरतो. मिसळलेला रंग आधी कागदाच्या चिठ्ठीवर लावा, वाळू द्या, मगच चित्राला भिडवून बघा. मी पोळ्यांच्या चपट्या डब्यात ओल्या कापडाची घडी ठेवते, वर बटर पेपर, त्यावर रंग. झाकण लावलं की दोन दिवस ओले राहतात. पंखा मात्र बंद. घाम पुसत काम करायचं.

आणि अख्खं चित्र कशाला? मी आता दमयंतीचा फक्त हात करते आहे, कोपरापासून बोटांपर्यंत, वीतभर कॅनव्हासवर. झोपेतल्या हाताचं वजन कसं दाखवायचं एवढा एकच प्रश्न घेऊन. मागच्या बाजूला "रविवर्मांवरून" असं लिहून खाली नाव आणि साल. पुढे सही नाही. रविवर्मांच्या चित्रांवरचा स्वामित्वहक्क केव्हाच संपला आहे, कायदा काही म्हणणार नाही. पण मामेबहीण म्हणेल.

वांगंही काढलं शेवटी. काळा न वापरता त्याचा काळपट जांभळा जमवायला तीन रविवार गेले. तोवर खऱ्या वांग्याला सुरकुत्या पडल्या होत्या, देठ वाळला होता. घरी नेऊन भाजलं, तर आत किडकं निघालं.