मोकळी जागा बाहेर की आत?

प्रश्न : आमच्या विद्यानगरात जुनी बैठी घरं पाडून २०० गजांच्या प्लॉटवर स्टिल्ट आणि वर चार-पाच मजले उठवणं सर्रास चाललंय. खालच्या फ्लॅटमध्ये भर दुपारी ट्यूबलाइट लावावी लागते. चारमिनारजवळच्या जुन्या घरांत याहून जास्त माणसं राहायची, तरी अंधार नसायचा, असं घरातले वडीलधारे सांगतात. दाटीच्या जागेत भरपूर घरं आणि भरपूर उजेड, दोन्ही जमतं का?
– एक वाचक, विद्यानगर, हैदराबाद

उत्तर : जमतं. वडीलधारे सांगतात ते अर्धं खरं आहे, उरलेल्या अर्ध्याकडे नंतर येतो.

तुमचाच प्लॉट घेऊ. २०० गज म्हणजे, समजा, ३० फूट बाय ६० फूट. पुढे १० फूट आणि बाकी तिन्ही बाजूंना ५-५ फूट सोडले, तर बांधायला उरतात २० बाय ४५, म्हणजे ९०० चौरस फूट. निम्मी जमीन मोकळी राहिली, पण कामाची किती? शेजाऱ्यानेही ५ फूट सोडले की दोन इमारतींमध्ये १० फुटांची बोळ तयार होते आणि तिच्या दोन्ही अंगांना ४०-५० फूट उंच भिंती. तिथे ऊन उतरत नाही. उतरतात ते ड्रेनेजचे पाइप, एसीची टपटप आणि शेजारच्या कुकरच्या शिट्ट्या.

आता जुन्या पद्धतीने बांधून बघू. पुढचे १० फूट सोडायचे, बाकी तिन्हीकडे भिंतीला भिंत. उरले ३० बाय ५०. त्यातून १५ बाय २० चा चौक काढला तरी मजल्याला १२०० चौरस फूट मिळतात. म्हणजे चार मजल्यांत जेवढं बसत होतं, तेवढं तीनच मजल्यांत बसलं, ३६०० चौरस फूट! शेजाऱ्याने आपला चौक तुमच्या चौकाला लागून घेतला, तर दोघांना मिळून ३० बाय २० चं आकाश. हैदराबादच्या देवड्या आणि पुण्याचे वाडे याच हिशेबावर उभे होते. केंब्रिजच्या लेस्ली मार्टिन आणि लायोनेल मार्च यांनी १९६०-७०च्या दशकांत हेच गणिताने मांडलं : मोकळी जागा इमारतीच्या भोवती पसरण्याऐवजी मधे गोळा केली, तर कमी उंचीतही तेवढंच बांधकाम बसतं.

हे फक्त सरदारांच्या वाड्यांपुरतं नव्हतं. १९०८च्या मुसीच्या पुरानंतर, १९१२मध्ये, निजाम सरकारने सिटी इम्प्रूव्हमेंट बोर्ड स्थापन केलं. दाट, रोगट वस्त्या मोकळ्या करून नव्याने घरं बांधणं हे त्याचं काम. याच बोर्डाने उभारलेली, चारमिनारजवळची पत्थरगट्टीची दगडी कमानींची रांग नीट पाहा. दुकानाला दुकान लागून, मधे बोळ नाही, आणि पुढे सावलीतून चालायला वाट. शहराच्या मधोमध रस्त्याला कसं भिडावं, याचा इतका चांगला धडा आपल्या हाताशी आहे आणि आपण तिथे फक्त खरेदीला जातो.

मग आज असं का बांधत नाहीत? हैदराबादेत २००६मध्ये एफएसआयची, म्हणजे प्लॉटच्या किती पट बांधता येईल याची, मर्यादा काढली गेली. किती बांधायचं, ते समोरच्या रस्त्याच्या रुंदीवर आणि सोडायच्या मोकळ्या जागेवर ठरू लागलं. साहजिकच बिल्डर कडेने नियमापुरती जागा सोडतो आणि वर चढतो. चौक त्याच्या हिशेबात बसत नाही. चारमिनारपाशी आणखी एक अडचण आहे, तीच पुण्यात शनिवारवाड्याभोवती आहे. संरक्षित स्मारकापासून १०० मीटरांत नवं बांधकाम करता येत नाही आणि पुढच्या २०० मीटरांत परवानगी लागते. स्मारक वाचतं हे खरं, पण त्याच्या सावलीतले वाडे टेकू लावून दिवस काढतात.

आता वडीलधाऱ्यांचं राहिलेलं अर्धं : दाटीत उजेड असला, तरी बाहेर पडायला वाट असतेच असं नाही. मे २०२५मध्ये चारमिनारजवळच्या गुलजार हौजपाशी, खाली दुकानं आणि वर घर असलेल्या इमारतीला भल्या सकाळी आग लागली. आत-बाहेर करायला एकच चिंचोळी वाट होती. १७ जण गेले, त्यांत लहान मुलं होती. दाट वस्तीत उजेडाआधी जिना बघावा, असं माझं स्पष्ट मत आहे. भिंतीला भिंत लावायची तर बाहेर पडायला दुसरी वाट हवीच, आणि वीजमीटरांची पेटी जिन्याखाली नको.

एकट्या २०० गजांत दुसरा जिना परवडत नाही. म्हणून खरा उपाय शेजाऱ्याशी बोलण्यात आहे. मुंबईत भेंडीबाजारात साडेसोळा एकरांवरच्या सुमारे २५० इमारती एकत्र घेतल्या आणि टॉवर उभे केले. विद्यानगरला एवढा खटाटोप नको, दोन प्लॉट पुरेत. वेगवेगळं बांधलं तर दोघांचे मिळून मजल्याला १८०० चौरस फूट होतात. एकत्र केले की ६० बाय ६०. कडेची जागा तेवढीच धरली तर ५० बाय ४५, म्हणजे २२५० उरतात. मधे २० बाय २० चा चौक ठेवूनही १८५० हातात. दोन जिने होतातच, फक्त आता ते दोन्ही घरांच्या कामी येतात, आणि लिफ्ट एकच पुरते. प्लॉट मोठा झाल्यावर कडेने सोडायची जागा (सेटबॅक) वाढते का आणि किती, ते मात्र आर्किटेक्टकडून आधी तपासून घ्या.

तोवर बिल्डर नकाशा घेऊन आला की बेडरूमची मापं नंतर बघा. खिडकीसमोर किती फुटांवर भिंत आहे, हे पहिल्यांदा विचारा. ‘डक्टमधून हवा येते’ असं उत्तर मिळालं, तर त्या डक्टची लांबी-रुंदी नकाशावर लिहून घ्या.