बारावीला कमी मार्क पडले म्हणून दाताची डॉक्टर होता येत नाही का?



मागच्या महिन्यात भोरजवळच्या एका वस्तीत, बुद्धविहारात आपण तोंड तपासणीचं शिबिर घेतलं. आलेल्या बायकांत निम्म्याहून जास्त जणी मिसरी लावणाऱ्या होत्या. "दात दुखतो म्हणून लावते, ताई," असं सगळ्याच सांगतात. मिसरी म्हणजे भाजलेली तंबाखूच. ती दुखणं दाबते आणि हिरडी सडवते. एका भावाचं तोंड उभी दोन बोटंसुद्धा आत जाणार नाहीत एवढंच उघडत होतं. वर्षानुवर्षं सुपारी आणि गुटखा खाल्ल्याचा हा परिणाम. गुटख्यावर महाराष्ट्रात २०१२ पासून बंदी आहे, तो कुठं मिळतो हे वस्तीतलं लहान पोरही सांगेल. तोंडातली जखम किंवा पांढरा-लाल चट्टा दोन-तीन आठवड्यांत बरा झाला नाही तर थांबायचं नाही, दाखवायचं. पण दाखवायचं कुणाला? आमच्या शिबिराला दाताचे डॉक्टर पुण्याहून आले होते. त्यांना परत जायची घाई होती, आणि रांग अजून विहाराच्या बाहेर होती.

त्या दिवशी नावं लिहून घ्यायला वस्तीतलीच एक मुलगी बसली होती. अक्षर सुरेख, आणि म्हाताऱ्या माणसांशी बोलायची पद्धत त्याहून चांगली. तिची आई म्हणाली, "ताई, हिला दाताची डॉक्टरच व्हायचं होतं. पण बारावीला ५२ टक्केच पडले. आता कुठली डॉक्टर?"

मी गुणपत्रिका मागवली. फिजिक्सला ४१, केमिस्ट्रीला ४४, बायोलॉजीला ५८. तीन विषयांचे मिळून ३०० पैकी १४३, म्हणजे ४७ टक्क्यांच्या वर. कुणीतरी तिला सांगितलं होतं की तिन्ही विषयांत मिळून ५० टक्के लागतात, तुझे कमी आहेत. अर्धी गोष्ट खरी आहे. ५० टक्क्यांची अट खुल्या प्रवर्गाला आहे. अनुसूचित जाती, जमाती आणि इतर मागासवर्गाला ४० टक्के पुरतात, म्हणजे ३०० पैकी १२०. प्रत्येक विषयात आणि इंग्रजीत पास असलं पाहिजे, एवढंच. ही मुलगी २३ मार्कांनी वर होती. पण त्या अर्ध्या माहितीपायी तिनं नीटचा फॉर्मच भरला नव्हता.

म्हणून हा लेख.

पहिली गोष्ट नीट समजून घ्या. बीडीएसचा प्रवेश बारावीच्या टक्क्यांवर होत नाही. बारावीचे मार्क म्हणजे फक्त दार उघडायची किल्ली. आत जायचा नंबर लागतो तो नीटच्या मार्कांवर. बारावीला ९० टक्के असलेला मुलगा आणि ४८ टक्के असलेली मुलगी नीटच्या रांगेत एकाच ठिकाणाहून सुरुवात करतात. वयाची वरची अट नाही, किती वेळा परीक्षा द्यायची यालाही बंधन नाही. प्रवेशाच्या वर्षी ३१ डिसेंबरपर्यंत १७ पूर्ण हवीत, बस. ज्यांचे तीन विषयांचे ४० टक्केही भरत नाहीत, त्यांना बोर्डाची श्रेणीसुधार परीक्षा आहे. एखादा विषय राहिला असेल तर पुरवणी परीक्षा आहे. त्यात लाज कसली? बाबासाहेबांना १९०७ साली मॅट्रिकला ७५० पैकी २८२ मार्क होते. आजच्या हिशेबानं ३८ टक्क्यांच्याही आत. १९१३ साली ते बडोदा संस्थानच्या शिष्यवृत्तीवर कोलंबिया विद्यापीठात गेले. हे मी पोरांना मुद्दाम सांगते, कारण भिंतीवरचा फोटो पाहून त्यांना वाटतं की हे कायम पहिलेच येत असणार.

आता नीट. १८० प्रश्न, ७२० मार्क. बरोबर उत्तराला ४, चुकलं तर १ वजा. फिजिक्सचे ४५, केमिस्ट्रीचे ४५ आणि बायोलॉजीचे ९०, म्हणजे निम्मा पेपर बायोलॉजीचा. गणिताला घाबरणाऱ्या आमच्या पोरींसाठी ही मोठी सवलत आहे. त्यांनी आधी बायोलॉजी पक्कं करावं, ३६० मार्कांचा तो गड आहे. बोर्डाच्या पुस्तकावर भागत नाही, एनसीईआरटीची ११ वी-१२ वीची पुस्तकं ओळ न ओळ वाचावी लागतात. ती त्यांच्या संकेतस्थळावर फुकट मिळतात. येत नाही तो प्रश्न सोडायला शिकणं हाही अभ्यासच. अंदाजानं ठोकलेली उत्तरं मार्क खातात.

पेपर मराठीतून देता येतो. मराठी निवडली की प्रश्नपत्रिका मराठी आणि इंग्रजी दोन्हीत येते आणि केंद्र महाराष्ट्रातलंच मिळतं. पण अकरावी-बारावी विज्ञान इंग्रजीतून शिकलेल्या मुलांना पेपरातले मराठी शब्द अनोळखी वाटतात, आणि मतभेद झाला तर इंग्रजी मजकूर ग्राह्य धरतात. म्हणून जुने पेपर दोन्ही भाषांत सोडवून बघा आणि मगच फॉर्मात भाषा भरा. फॉर्मची फी २०२५ साली आपल्या प्रवर्गाला १००० रुपये होती.

पात्रतेसाठी आपल्याला ४० पर्सेंटाइल लागतं. हे ४० टक्के नव्हे. परीक्षा दिलेल्या दर शंभरांत साधारण ४० जण तुमच्या मागे असावेत, असा त्याचा अर्थ. मार्कांत सांगायचं तर आपल्या प्रवर्गाची पात्रता २०२३ ला १०७, २०२४ ला १२७ आणि २०२५ ला ११३ वर होती, ७२० पैकी. ऐकून आई-बाप खूश होतात. थांबा. पात्र होणं वेगळं आणि सीट लागणं वेगळं. मुंबई, नागपूर, छत्रपती संभाजीनगरचं शासकीय दंत महाविद्यालय किंवा मुंबई महापालिकेचं नायर दंत महाविद्यालय हवं असेल तर यापेक्षा पुष्कळ जास्त मार्क लागतात. ११५-१२० वाल्यांची वाट खासगी कॉलेजातून जाते, तीही शेवटच्या फेऱ्यांत.

म्हणून फेऱ्या सोडू नका. राज्याचे प्रवेश सीईटी कक्ष करतो, तोंडी भाषेत ज्याला आपण कॅप म्हणतो. पहिल्या यादीत नाव नाही म्हणून घरी बसलेली मुलं मी पाहिली आहेत. बीडीएसला सीट घेतलेले कितीतरी जण पुढच्या फेरीत एमबीबीएस किंवा बीएएमएसकडे वळतात आणि जागा मोकळ्या होतात. २०२०-२१ साली देशभरात बीडीएसच्या सुमारे ७००० जागा रिकाम्या होत्या. तेव्हा ८ फेब्रुवारी २०२१ ला सर्वोच्च न्यायालयानं पात्रता १० पर्सेंटाइलनं खाली आणायला सांगितलं. असं दरवर्षी होईल या भरवशावर राहू नका, पण थोडक्यात हुकलेल्यांनी प्रवेश बंद होईपर्यंत सूचना वाचत राहाव्यात.

आणि सूट जाहीर झाल्याशिवाय कुणी "मी करून देतो" म्हणाला तर त्याला वस्तीच्या वेशीवरूनच परत पाठवा. राजस्थानात २०१६-१७ ला ठरलेल्या पर्सेंटाइलच्या खाली प्रवेश दिले गेले. पुढं सर्वोच्च न्यायालयानं त्या कॉलेजांना प्रत्येकी १० कोटींचा दंड केला. मुलांच्या पदव्या वाचल्या, पण वर्षानुवर्षं डोक्यावर टांगती तलवार घेऊन. नीटशिवाय बीडीएस नाही. एजंटाला दिलेले पैसे परत येत नाहीत. डीम्ड विद्यापीठांत जातीचं आरक्षण नसतं, आणि मॅनेजमेंट कोट्याच्या सीटला आपली शिष्यवृत्ती लागू होत नाही. माझं सरळ मत असं की कॅपमधली सीट असेल तरच घ्या. जमीन विकून सीट घेऊ नका.

आता कागद. आमच्या भागातली पोरं नीटमध्ये जेवढी अडकतात, त्याहून जास्त इथं अडकतात. जातीचा दाखला भोरच्या प्रांत कार्यालयातून मिळतो, वेल्ह्याच्या लोकांनाही तिथंच यावं लागतं. पण प्रवेशाला जात वैधता प्रमाणपत्र लागतं, आणि ते पुण्याची जिल्हा पडताळणी समिती देते. त्यासाठी १० ऑगस्ट १९५० पूर्वीचा जातीचा आणि राहण्याचा पुरावा मागतात. म्हणजे आजोबा-पणजोबांच्या शाळेचा दाखला, नाहीतर जन्म-मृत्यूच्या नोंदीचा उतारा. आपल्या घरात काय असतं? आजोबांच्या दाखल्यावर "महार", वडिलांच्या दाखल्यावर "नवबौद्ध", मुलीच्या दाखल्यावर नुसतं "बौद्ध". तिन्ही खरं आहे, पण वंशावळ जोडून ते दाखवावं लागतं. १९९० साली घटनेच्या अनुसूचित जाती आदेशात बौद्धांचा समावेश झाला, तेव्हापासून केंद्राच्या सवलतीही आपल्याला आहेत. "बौद्धांना केंद्रात चालत नाही" असं कुणी खिडकीवर म्हणालं तर ऐकून घेऊ नका. देशपातळीवरच्या १५ टक्के कोट्यासाठी मात्र केंद्राच्या नमुन्यातला दाखला वेगळा काढून ठेवा.

वैधतेचा अर्ज अकरावी-बारावीत असतानाच कॉलेजमार्फत करायचा. निकालानंतर धावपळ केली तर समितीच्या तारखा आणि कॅपच्या तारखा जुळत नाहीत. पावतीवर मुदत कधी मिळते, कधी नाही. नॉन-क्रीमिलेअर आपल्याला लागत नाही. त्यासाठी सेतू केंद्रात दोन दिवस घालवलेला एक बाप मला माहीत आहे. उत्पन्नाचा आणि अधिवासाचा दाखला मात्र लागतो.

पैशाचं सांगते. वार्षिक उत्पन्न अडीच लाखांच्या आत असेल तर भारत सरकारची मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती आहे, त्याच्या वर असेल तर फ्रीशिप. दोन्हीचा अर्ज महाडीबीटीवर करायचा. एक धोका लक्षात ठेवा. शिष्यवृत्तीतला केंद्राचा ६० टक्के हिस्सा आता थेट मुलाच्या आधार जोडलेल्या खात्यात येतो. ते पैसे कॉलेजच्या फीचे असतात. एका घरात त्यातून पत्रे घातले गेले आणि मुलाची परीक्षा अडली. दोष त्या घराचा नाही, त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं. वसतिगृह मिळालं नाही तर स्वाधार योजना आहे. पुणे, मुंबई, नागपुरात शिकणाऱ्याला वर्षाला ६०,००० रुपये. तिला मात्र ५० टक्क्यांची अट आहे, म्हणून बारावीचे एकूण मार्क अगदीच सोडून देऊ नका. शिष्यवृत्तीत न बसणारा खर्चही असतो. बीडीएसला हत्यारं स्वतः विकत घ्यावी लागतात. पहिल्या वर्षी मेणाचे दात कोरायला लावतात, पुढं सरावाला काढलेले खरे दात गोळा करावे लागतात. आमच्या शिबिरातले गेले असते तर पोतं भरलं असतं!

चार वर्षं शिक्षण, एक वर्ष इंटर्नशिप, आणि त्यानंतर लगेच पैसा नाही. सरकारी जागा थोड्या आहेत, खुर्ची-मशीन घेऊन दवाखाना टाकायला भांडवल लागतं. पहिली काही वर्षं दुसऱ्याच्या दवाखान्यात काम करावं लागतं. हे घरच्यांना आधी माहीत असलेलं बरं. आणि नीटचा एक प्रयत्न मनापासून करूनही जमलं नाही, तर डेंटल हायजिनिस्ट किंवा डेंटल मेकॅनिकचा दोन वर्षांचा डिप्लोमा आहे, नर्सिंग आहे. नर्सिंग मी केलंय. त्यात कमीपणा नाही. पण मला ते निवडावं लागलं, कारण दुसरं काही आहे हे सांगणारं कुणी नव्हतं. या मुलीनं निवडायचं तर माहिती घेऊन निवडावं.

ती मुलगी परवा रविवारी वंदनेनंतर भेटली. अभ्यासाला लागली आहे, सकाळी विहारातच बसते. आईनं मिसरीची डबी फेकली नाही अजून, पण लपवायला लागली आहे. वैधतेसाठी आजोबांचा पुरावा हवा होता. ते वेल्हे तालुक्यातल्या एका गावात चौथीपर्यंत शिकले होते. त्या शाळेचं जुनं रजिस्टर कपाटात आहे असं मुख्याध्यापक फोनवर म्हणाले, सोमवारी या म्हणून सांगितलं आहे. सकाळच्या एस.टी.नं मी तिच्याबरोबर जाणार आहे. वेल्ह्याकडच्या आणखी कुणाच्या आजोबांचा दाखला काढायचा राहिला असेल तर त्याच गाडीला या.