रसिकाची वही

चित्रपट पाहून परतणाऱ्या माणसास 'कसा होता?' असे विचारले, की उत्तर जिभेवर तयार असते. 'झकास होता', 'फार रडविले', 'वेळ फुकट गेला', अशी ती उत्तरे असतात. त्यांवरून पाहणाऱ्याच्या मनाची अवस्था कळते; परंतु चित्रपट कसा होता, हे कळत नाही. आंबा गोड लागला, एवढे कोणीही सांगू शकतो. तो पाडाचा होता की आढीत पिकविलेला, त्याची गोडी कशात होती, हे जो सांगतो त्यास जाणकार म्हणतात. आवड प्रत्येकास उपजतच असते. जाण मात्र कमवावी लागते. ती कशी कमवावी, हे समजण्यासाठी एका चित्रपटवेड्या विद्यार्थ्याची कल्पना करावी.

हा विद्यार्थी नांदेड जिल्ह्यातील किनवटचा आहे, असे मानावे. किनवट हे पैनगंगेच्या काठचे, सागाच्या रानांनी वेढलेले गाव. एकीकडे नदीपलीकडचा विदर्भातील यवतमाळ जिल्हा, तर दुसरीकडे तेलंगणातील आदिलाबाद जिल्हा. १९५६ साली राज्यांची पुनर्रचना होईपर्यंत किनवट तालुका हैदराबाद राज्याच्या आदिलाबाद जिल्ह्यातच होता. त्यामुळे ह्या भागात मराठीबरोबर तेलुगू, हिंदी, उर्दू, गोंडी, कोलामी आणि बंजारा बोलीही कानांवर पडतात. अशा ठिकाणी वाढलेल्या मुलास परक्या भाषेचे भय वाटत नाही. तो मराठी चित्रपट जितक्या आवडीने पाहतो, तितक्याच आवडीने हिंदी आणि तेलुगू चित्रपटही पाहतो. पूर्वी खेड्यापाड्यांतील लोकांना जत्रेत तंबू ठोकणाऱ्या फिरत्या चित्रपटगृहाची वाट पाहावी लागे. आता मोबाइलच्या पडद्यावर शेकडो चित्रपट घरबसल्या पाहता येतात. पाहणे सोपे झाले. पाहिलेल्यावर विचार करण्यास मात्र सवड उरली नाही. एक चित्रपट संपतो न संपतो, तोच दुसरा सुरू होतो.

ह्या मुलास एक चांगली सवय होती. पाहिलेल्या प्रत्येक चित्रपटाविषयी तो आपल्या वहीत एक ओळ लिहून ठेवी. एके दिवशी ती वही त्याच्या थोरल्या बहिणीच्या हाती पडली. तिने सर्व अभिप्राय वाचले आणि प्रत्येक ओळीखाली एकच शब्द लिहिला : 'कशावरून?' मुलास प्रथम राग आला. आपल्याला एखादी गोष्ट आवडली, तर ती कशावरून आवडली हे का सांगावे? पण प्रश्न मनातून जाईना. तेव्हा त्याने अलीकडे पाहिलेले चार चित्रपट पुन्हा पाहावयाचे ठरविले.

पहिला चित्रपट होता परेश मोकाशी यांनी दिग्दर्शित केलेला 'एलिझाबेथ एकादशी'. हा २०१४ साली प्रदर्शित झाला आणि त्यास उत्कृष्ट बालचित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कारही मिळाला. मुलाने वहीत लिहिले होते, 'मजा आली.' ही मजा कशात होती? कथा पंढरपुरात घडते. वडील वारलेले, आई यंत्रावर स्वेटर विणून घर चालविते. कर्ज थकल्यामुळे ते यंत्रच जप्त होते. आता पैसे उभे करण्यासाठी मुलांची लाडकी सायकल विकण्याची पाळी येते. 'एलिझाबेथ' हे त्या सायकलीचेच नाव. ती वाचविण्यासाठी एकादशीच्या यात्रेत मुले चोरून बांगड्यांचे दुकान मांडतात. दुसऱ्यांदा पाहताना मुलाच्या ध्यानात आले, की ह्या चित्रपटात मारामारी करणारा खलनायक नाही. तरीही पुढे काय होईल, ही उत्सुकता क्षणभर सुटत नाही. कारण मुलांना काय हवे आहे आणि ते मिळविण्यास किती थोडे दिवस उरले आहेत, हे प्रेक्षकास पक्के ठाऊक असते. लाखो वारकरी ज्या गर्दीत विठ्ठलाचे दर्शन शोधतात, त्याच गर्दीत ही मुले गिऱ्हाईक शोधत असतात. मुलाने 'मजा आली' ह्या शब्दांपुढे लिहिले : 'कारण गोष्ट लहान आहे, पण त्या मुलांसाठी ती जगाएवढी मोठी आहे.' आता त्या ओळीस अभिप्रायाचे रूप आले.

दुसरे पान 'श्वास' ह्या चित्रपटाचे होते. संदीप सावंत यांनी दिग्दर्शित केलेला हा चित्रपट २००४ साली प्रदर्शित झाला. सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा राष्ट्रीय सन्मान मिळविणारा पहिला मराठी चित्रपट म्हणजे आचार्य अत्रे यांचा १९५३ सालचा 'श्यामची आई'. त्यानंतर सुमारे पन्नास वर्षांनी तो मान 'श्वास'ला मिळाला. मुलाचा अभिप्राय होता, 'फार रडविले.' कोकणातील एक आजोबा आपल्या लहानग्या नातवाला डोळे तपासण्यासाठी शहरात आणतात. नातवाच्या डोळ्यांत कर्करोग आहे, असे निदान होते. शस्त्रक्रिया केली तर प्राण वाचतील, पण दृष्टी कायमची जाईल. शस्त्रक्रिया लांबणीवर पडते, तेव्हा आजोबा नातवाला घेऊन रुग्णालयातून कोणास न सांगता निघून जातात. ते त्याला शहर दाखवितात. जग डोळे भरून पाहण्याची त्याची ही अखेरची वेळ असते.

आपल्याला रडू नेमके केव्हा आले, हे मुलाने आठवून पाहिले. रोगाचे नाव ऐकून आले नव्हते. मुलगा हरखून शहर पाहत होता, तेव्हा ते आले होते. पडद्यावर आनंद होता आणि डोळ्यांत पाणी होते. असे का व्हावे? उद्या काय होणार, हे प्रेक्षकास ठाऊक असते. म्हणून रोजचा रस्ता, रोजची माणसे, साधा उजेडसुद्धा मोलाचा वाटू लागतो. दुःखाचे वर्णन करून रडविणे सोपे असते. आनंद दाखवून डोळे ओले करण्यास फार मोठी समज लागते. आणखीही एक गोष्ट मुलास दुसऱ्या खेपेस उमगली. न सांगता निघून गेलेल्या आजोबांवर डॉक्टर संतापतात. पहिल्या वेळी मुलास डॉक्टरांचा राग आला होता. आता त्याला वाटले, की जबाबदारी जाणणारे डॉक्टरही खरे आणि नातवाला जग दाखविणारे आजोबाही खरे. दोन खऱ्या माणसांत विरोध येऊ शकतो, हे त्याला त्या दिवशी कळले.

तिसरा चित्रपट 'नाळ' हा २०१८ साली प्रदर्शित झाला. विदर्भातील नदीकाठच्या एका गावात राहणाऱ्या चैत्या नावाच्या मुलाची ही कथा आहे. आपली आई ही आपली जन्मदात्री नव्हे, असे त्याला समजते. आणि मग घरातील साध्या साध्या गोष्टींकडेही तो शंकेने पाहू लागतो. मुलाने वहीत लिहिले होते, 'संथ आहे. कंटाळा आला.' कंटाळा हाही खरा अनुभव आहे. तो लपविण्याचे कारण नाही. परंतु 'कशावरून?' हा प्रश्न त्यालाही विचारावयास हवा. पुन्हा पाहताना मुलास जाणवले, की चैत्या वाट पाहत आहे आणि वाट पाहणाऱ्याचा दिवस लांबच असतो. चित्रपट संथ आहे खरा. पण ती संथता कथेच्या पोटातून आलेली आहे. तरीही काही प्रसंग आटोपशीर असते तर बरे झाले असते, हे त्याचे मत कायम राहिले. त्याने दोन्ही गोष्टी लिहिल्या. पुन्हा पाहिल्यावर मत बदललेच पाहिजे, असे नाही. त्यास आधार मात्र मिळाला पाहिजे.

ह्या चित्रपटाची आणखी एक गोष्ट किनवटच्या मुलास विशेष जवळची वाटली. त्यातील माणसांची बोली नदीपलीकडच्या गावांची आठवण करून देणारी होती. आणि दिग्दर्शक सुधाकर रेड्डी यक्कंटी हे मात्र तेलुगू भाषक. मराठी खेड्यातील मुलाचे मन त्यांनी इतक्या बारकाव्याने दाखविले, की दिग्दर्शकाच्या पहिल्या उत्कृष्ट चित्रपटासाठी असलेला राष्ट्रीय पुरस्कार त्यांना मिळाला. ह्यात आश्चर्य वाटावयास नको. चित्रपटाची पहिली भाषा चित्र ही होय. दादासाहेब फाळके यांचा 'राजा हरिश्चंद्र' ३ मे १९१३ रोजी मुंबईच्या कॉरोनेशन चित्रपटगृहात लोकांपुढे आला, तेव्हा त्यात एकही शब्द ऐकू येत नव्हता. प्रभात कंपनीचा १९३६ सालचा 'संत तुकाराम' हा तर अस्सल मराठी बोलपट. दामले आणि फत्तेलाल यांनी दिग्दर्शित केलेला हा चित्रपट इटलीतील व्हेनिस येथील महोत्सवात वाखाणला गेला. तुकोबांची भाषा तेथे कितीकांना येत असेल? परंतु विष्णुपंत पागनीसांच्या मुखावरील भाव वाचण्यास शब्दकोश लागत नव्हता.

पुरस्कारांविषयीही येथे एक गोष्ट ध्यानात ठेवावी. पुरस्कार म्हणजे जाणत्या लोकांनी विचारपूर्वक दिलेला अभिप्राय. त्यामुळे चित्रपट लक्षपूर्वक पाहण्याची इच्छा व्हावी. परंतु स्वतः विचार न करता तो अभिप्राय उसना घेऊ नये. लोकांनी गर्दी केली म्हणून चित्रपट श्रेष्ठ ठरत नाही आणि खुर्च्या रिकाम्या राहिल्या म्हणून तो हलकाही ठरत नाही.

चौथे पान मुलास सर्वांत जड गेले. ते नागराज मंजुळे यांच्या 'फँड्री'चे होते. २०१३ साली पूर्ण झालेला आणि पुढील वर्षी चित्रपटगृहांत आलेला हा चित्रपट त्याने मित्रांबरोबर पाहिला होता. 'फँड्री' ह्या शब्दाचा अर्थ कैकाडी बोलीत डुक्कर असा होतो. जब्या हा गावकुसाबाहेरच्या गरीब घरातील शाळकरी मुलगा. वर्गातील शालू त्याला मनातून आवडते. पण गावातील डुकरे धरण्याचे काम त्याच्या कुटुंबाच्या माथी मारलेले आहे. शेवटी शाळेजवळच, वर्गातील मुलांच्या डोळ्यांदेखत, त्याला आईवडिलांबरोबर डुकरामागे धावावे लागते. तो लपू पाहतो. बाप त्याला ओढून आणतो. गाव मात्र खेळ पाहावा तसे हे पाहते आणि हसते. डुक्कर हाती लागणार, इतक्यात शाळेत राष्ट्रगीत सुरू होते. सारे कुटुंब जागच्या जागी स्तब्ध उभे राहते आणि डुक्कर निसटून जाते. पुढे ते धरलेले डुक्कर काठीला बांधून नेले जाते, तेव्हा मागच्या भिंतीवर डॉ. बाबासाहेब आंबेडकर आणि सावित्रीबाई फुले यांची चित्रे दिसतात. अपमान असह्य होऊन जब्या अखेरीस दगड उचलतो. त्याने फेकलेला शेवटचा दगड सरळ प्रेक्षकांच्या दिशेने येतो आणि चित्रपट संपतो.

पहिल्या वेळी मुलाने लिहिले होते, 'डुक्कर धरण्याचा प्रसंग फार विनोदी. शेवट कळला नाही.' बहिणीने त्याही ओळीखाली 'कशावरून?' असे लिहिले होते. चित्रपट पुन्हा पाहताना मुलगा त्या प्रसंगाशी आला आणि त्याला आठवले, की आपण हसलो होतो. सारे मित्र हसले होते. पडद्यावरचा गाव हसत होता आणि पडद्यासमोरची मुलेही हसत होती. केवळ शेजारी बसलेला एक वर्गमित्र हसला नव्हता. तो खाली पाहत होता. त्या वेळी मुलाने ते पाहिले होते. परंतु त्याचा अर्थ त्याच्या ध्यानात आला नव्हता. आता दगड पुन्हा पडद्यातून त्याच्याकडे आला, तेव्हा शेवट कळला नाही, असे त्याला म्हणता येईना. जे हसले त्यांच्याकडे तो दगड येत होता.

चांगला चित्रपट प्रेक्षकास आधी कथेत गुंतवितो आणि मग हळूच त्यालाच विचारतो, की ह्या कथेत तू कोणाच्या बाजूस उभा आहेस? अभिनय, छायाचित्रण, संवाद, संगीत ह्यांची पारख करावयास शिकणे आवश्यक आहे. त्यावाचून रसिकता डोळस होत नाही. परंतु आपण कोठे हसलो आणि कोठे गप्प राहिलो, ह्याचा जाब जो स्वतःस विचारतो, त्याचीच रसिकता पूर्णत्वास जाते. ज्याला दुसऱ्याच्या अपमानाचे हसू येते, त्याने शेकडो चित्रपट पाहिले असले, तरी त्याला अजून पाहता येत नाही, असेच म्हणावे लागेल.

मुलाने 'फार विनोदी' हे शब्द खोडले नाहीत. त्यांच्याखाली त्याने नवा अभिप्राय लिहिला : 'गाव हसतो म्हणून आपल्यालाही हसू येते, आणि तेच दिग्दर्शकाला दाखवावयाचे आहे.' मग तो त्या वर्गमित्राच्या घरी गेला आणि त्याला तो चित्रपट कसा वाटला, हे प्रथमच विचारले. पानाचा उरलेला भाग त्याने त्याच्या उत्तरासाठी मोकळा ठेवला होता.

अभ्यास

१. 'आवड' आणि 'जाण' ह्यांतील फरक पाठाच्या आधारे स्पष्ट करा.
२. 'श्वास' पाहताना मुलास रडू नेमके केव्हा आले? त्याचे कारण कोणते?
३. 'चित्रपटाची पहिली भाषा चित्र ही होय.' हे विधान पटवून देण्यासाठी पाठात कोणती उदाहरणे दिली आहेत?
४. मुलाने 'फार विनोदी' हे शब्द का खोडले नसावेत? तुमचे मत लिहा.
५. तुम्ही अलीकडे पाहिलेल्या एका चित्रपटाविषयी एका ओळीत अभिप्राय लिहा. त्याखाली 'कशावरून?' असे लिहून दहा ओळींत उत्तर द्या.