मॅनिफोल्डचा रंग जळतो, ब्लॉकचा का टिकतो?

प्रश्न : वडिलांची जुनी प्रीमियर पद्मिनी मी आणि माझा मुलगा घरच्या अंगणात खोलून पुन्हा उभी करतो आहोत. एकाच डब्यातला चंदेरी ऑइलपेंट आम्ही इंजिनाच्या ब्लॉकला, एक्झॉस्ट मॅनिफोल्डला आणि सायलेन्सरला दिला. गाडी चालू केली तसा मॅनिफोल्डवरचा रंग धूर सोडत तपकिरी झाला, मग त्याचे पापुद्रे निघाले. ब्लॉकवरचा मात्र जसाच्या तसा आहे. रंग एकच, दोन्हीकडे बीडच, मग हा फरक का? आता कोणत्या भागाला काय द्यावं?
— एक वाचक, सांगली

उत्तर : बीड एकच असलं तरी दोन्ही भागांचं तापमान फार वेगळं असतं. तुमच्या गाडीच्या १०८९ सीसी इंजिनाचा ब्लॉक पाण्याने थंड होतो. रेडिएटर ठीक असेल तर त्याची बाहेरची बाजू शंभर अंश सेल्सिअसच्या आगेमागे राहते. मॅनिफोल्डला पाण्याचा आधार नाही. घाट चढताना त्यातून जाणारा जळका वायू ७००-८०० अंशांपर्यंत जातो आणि मॅनिफोल्ड स्वतः ४००-५०० अंश सहज गाठतं.

ऑइलपेंटचा चंदेरीपणा अॅल्युमिनियमच्या भुकटीमुळे येतो. ती जळत नाही. जळतं ते भुकटीला धातूवर धरून ठेवणारं रेझिन. ते कार्बनी पदार्थ असल्यामुळे १५०-२०० अंशांच्या पुढे आधी तपकिरी पडतं, मग त्याचा कोळसा होतो.

मॅनिफोल्डसाठी सिलिकॉन रेझिनचा उष्णतारोधक रंग घ्या. डब्यावर किमान ६०० अंश लिहिलेलं असावं. या रेझिनचा कणा सिलिकॉन आणि ऑक्सिजनच्या साखळीचा असतो. तापल्यावर त्यातला कार्बनी भाग उडून जातो आणि उरलेलं जाळं भुकटीला पकडून बसतं. म्हणून हा रंग नुसता वाळवून भागत नाही, कुंभाराच्या मडक्यासारखा भाजावा लागतो. काही डब्यांवर साधारण १२०, २०० आणि ३१५ अंश असे अर्ध्या-अर्ध्या तासाचे टप्पे दिलेले असतात. घरी हेच काम इंजिनाच्या उष्णतेवर करता येतं: दहा मिनिटं जागेवर चालू ठेवा, पूर्ण गार होऊ द्या, मग वीस मिनिटं, पुन्हा गार, आणि शेवटी एक लांबशी फेरी. सुरुवातीला थोडा धूर येईलच. मात्र हे उघड्या अंगणात करा, कारण बंद जागेत कार्बन मोनॉक्साइड जीव घेतो. सुटे भाग स्वयंपाकाच्या ओव्हनमध्ये तर कधीच भाजू नका.

या रंगाखाली रेड ऑक्साइड लावू नका. त्याचं रेझिनही कार्बनीच. ते जळालं की वरचा चांगला रंगही सुटतो. आधीचा रंग आणि गंज तारेच्या ब्रशने किंवा सँडब्लास्टिंग करून पुरता काढा, थिनरने पुसा आणि उघड्या बिडावर दोन-तीन पातळ हात द्या. जाड थर तापल्यावर फुगतो. पावसाळ्यात साफ केलेलं बीड काही तासांतच तांबूस पडतं, तेव्हा साफसफाई आणि रंग एकाच कोरड्या दिवशी उरका. मॅनिफोल्डचं जुनं पॅकिंग कोरडं खरवडू नका, त्या काळच्या पॅकिंगमध्ये अॅस्बेस्टॉस असू शकतं. ते पाण्याने भिजवून मगच काढा.

ब्लॉकला साधा इंजिन इनॅमल पुरतो. रंगवताना पॅकिंग बसतं ते सगळे पृष्ठभाग टेपने झाका. तिथे रंग राहिला तर तो पुढे दबतो, बोल्ट ढिले पडतात आणि गळती सुरू होते. इंजिन नंबरवर तर पॉलिश पेपरही फिरवू नका. १५ वर्षांनंतरच्या फेरनोंदणीत आरटीओत तो तपासला जातो.

तुमच्या इंजिनाचं हेड अॅल्युमिनियमचं आहे. ते रंगवायची गरज नाही, नीट साफ केलं की पुरे. पण चिकट तेल काढायला कॉस्टिक सोडा वापरू नका. तो लोखंडाला सोसतो, अॅल्युमिनियमला मात्र खातो, आणि त्यातून पेट घेणारा हायड्रोजन सुटतो. सँडब्लास्टिंगला हेड आणि ब्लॉक देऊ नका. तेलाच्या बारीक वाटांत अडकलेले वाळूचे कण पुढे बेअरिंग खराब करतात.

टॅपेट कव्हर आणि ब्रॅकेटना पावडर कोटिंग शोभतं. ते १८०-२०० अंशांच्या भट्टीत पक्कं होतं, पण पोटात कार्बनी रेझिनच असल्यामुळे मॅनिफोल्डवर टिकणार नाही. नट-बोल्टांना झिंक प्लेटिंग करून घेता येतं, त्यात दोन अपवाद पाळा. प्लेटिंगच्या आधी बोल्ट आम्लात बुडवतात. त्या वेळी हायड्रोजन पोलादात शिरतो आणि उच्च ताकदीचा बोल्ट ठिसूळ होऊन अचानक तुटू शकतो. म्हणून कनेक्टिंग रॉडचे आणि हेडचे बोल्ट प्लेटिंगला देऊ नका. दुसरा अपवाद मॅनिफोल्डच्या स्टडचा. झिंक ४२० अंशांना वितळतं, तिथे ते राहणारच नाही. त्या स्टडना उष्णता सोसणारं अँटी-सीझ लावा, म्हणजे पुढच्या वेळी ते खोलताना तुटणार नाहीत.

राहिला सायलेन्सर. गाडीच्या मागच्या टोकाशी असल्यामुळे तो बराच थंड असतो, म्हणून मॅनिफोल्डचाच रंग त्याला पुरून उरतो. पण तो कुजतो बहुधा आतून. एक लिटर पेट्रोल जळलं की जवळजवळ एक लिटर पाणी वाफ होऊन बाहेर पडतं. गाडी बाजारापर्यंत नेऊन लगेच बंद केली तर ही वाफ सायलेन्सरच्या पोटात पाणी होऊन साचते, आणि बाहेरचा कुठलाही रंग तिथे पोचत नाही. तेव्हा त्याच्या बाहेरच्या रंगावर फार खर्च करू नका. गाडी तयार झाली की आठवड्यातून एकदा तिला अर्धा तास सलग पळवा. सायलेन्सर आतून कोरडा होईल आणि डब्यातल्या रंगापेक्षा जास्त दिवस टिकेल.